एटीव्ही पिकअपमध्ये चढवताय? आधी रॅम्प गाडीला बांधा

जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला रिसॉर्ट आणि फार्महाऊसवर आता चार चाकी एटीव्ही (जाड टायरांच्या, मोटरसायकलसारख्या हँडलनं चालवायच्या गाड्या) दिसायला लागल्यात. बहुतेक एटीव्हींना रस्त्यावर चालवायचं पासिंग नसतं, म्हणजे बेळगावला रिपेरीला आणायची तर बोलेरो पिकअप नाहीतर टाटा एस बोलवायचा, दोन सेंट्रिंगच्या फळ्या टेकवायच्या, एकजण वर बसून रेस देणार आणि चौघं मागनं ढकलणार. ही पद्धत लै धोक्याची आहे, कृपा करून असं करू नका. ५०० सीसीच्या आसपासची एटीव्ही ३०० किलोच्या घरात असते, ती मागं उलटली तर खाली असलेल्या माणसाला बाजूला व्हायला पण वेळ मिळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं काय तर चढ. पिकअपच्या हौद्याची उंची जमिनीपासून साधारण ३ फूट धरा. ६ फुटी फळी लावली तर चढ होतो ३० अंशाचा, म्हणजे जवळपास भिंतच, पुढची चाकं हलकी होतात आणि हँडल तोंडावर येतं. ९ फुटी रॅम्प घेतला तर तोच चढ २० अंशाच्या आत येतो आणि १२ फुटी असेल तर १५ च्या आत. पण १२ फुटी रॅम्प कोण घेऊन फिरणार, म्हणून जागा हुडका. आपल्या खानापूर भागात सपाट जमीन कमी आणि उतार, बांध भरपूर, त्याचा फायदा घ्या की. पिकअप अशी रिव्हर्स लावा की मागची बाजू बांधाकडं येईल आणि रॅम्पचं खालचं टोक बांधावर टेकेल. एक फूट उंची जरी वाचली तरी ८ फुटी रॅम्पवर चढ १५ अंशाच्या आत येतो. फक्त बांध घट्ट पाहिजे, पावसात फुगलेल्या मातीवर रॅम्प टेकवायचा नाही.

रॅम्प नसेल तर बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडनं लोखंडी चॅनेलचे दोन करून घ्या, वर गुळगुळीत पत्रा नको, जाळी किंवा आडव्या पट्ट्या मारायला सांगा. आपली तांबडी माती ओली झाली की साध्या पत्र्यावर टायर धरतच नाही. वजन सांगताना एटीव्ही अधिक चालवणारा असं सांगा, दोन्ही रॅम्प मिळून ५०० किलो तरी आरामात पेलायला पाहिजेत.

आता जे लोक करतच नाहीत ते. रॅम्प वरनं नुसता टेकवलेला असतो. टायर फिरतो तेव्हा तो एटीव्हीला पुढं ढकलतो आणि रॅम्पला मागं ढकलतो, रॅम्प हौद्याच्या काठावरनं सटकतो आणि पुढची चाकं हौद्यात, मागची हवेत. अपघात होतो तो असा. म्हणून रॅम्पच्या वरच्या टोकाला कडी वेल्ड करून घ्या आणि तिथनं साखळी किंवा बेल्ट पिकअपच्या चेसीला ताणून बांधा, ढिला नाही. फाळका (हौद्याचं मागचं दार) पूर्ण खाली सोडा आणि रॅम्प हौद्याच्या काठावरच बसवा, साखळीवर आडव्या धरलेल्या फाळक्यावर नाही, त्याच्या बिजागऱ्या एवढ्या वजनाला नसतात. आणखी एक, पुढची चाकं वर आली की स्प्रिंगचे पाटे दबून रिकामी पिकअप मागनं खाली बसते आणि रॅम्प हलतो, म्हणून हौद्याच्या मागच्या टोकाखाली चेसीला लाकडी ठोकळे लावा. पिकअपचा हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा.

दोन रॅम्पमधलं अंतर टायरच्या मधोमध मापून ठेवा, अंदाजानं नको.

चढवताना एटीव्हीला विंच (दोर गुंडाळत ओढणारं यंत्र) असेल किंवा हाताचा चेन पुलर मिळत असेल तर वर कुणी बसूच नका, विंचनं ओढा, तोच उत्तम मार्ग. हुक पिकअपच्या चेसीत अडकवा, केबिनमागच्या जाळीला नाही. आणि ताणलेल्या दोरीच्या रेषेत उभं राहायचं नाही. चालवूनच चढवायची असेल तर हेल्मेट घाला, लो गिअर, फोर व्हील असेल तर चालू करा, पुढं झुका, एकसारखा हलका रेस द्या. मध्ये थांबायचं नाही आणि वर पोचताना रेस वाढवायचा पण नाही, नाहीतर थेट केबिनला जाऊन धडकते. मागं कोणीही उभं नको, ढकलायला पण नको, बाजूनं बघणारा एकजण पुरे.

वर गेल्यावर एटीव्ही पुढं सरकवून हौद्याच्या पुढच्या बाजूला टेकवा म्हणजे वजन मागच्या एक्सलच्या मागं लोंबकळत नाही. पार्किंग ब्रेक लावा, गिअरमध्ये ठेवा, पेट्रोलचा कॉक असेल तर बंद करा. चार कोपऱ्यांना चार रॅचेट बेल्ट (खटका हलवून ताणायचे पट्टे), पुढचे दोन पुढं खाली ओढणारे आणि मागचे दोन मागं खाली. बेल्ट फ्रेमला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला घाला, हँडलला आणि प्लास्टिकच्या पार्टला नको. सस्पेन्शन थोडं दबेपर्यंत ताणा. नायलॉनचा दोर भिजला की सैल पडतो, तो नकोच. काठावर बेल्ट घासतो तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला.

फाळका लावून निघा, पण जांबोटीच्या वळणांनंतर एकदा गाडी बाजूला घेऊन बेल्ट हातानं ओढून बघा, पहिल्या १०-१५ किलोमीटरमध्ये सगळं बसतं आणि बेल्ट ढिले होतात.

उतरवताना परत तोच रॅम्प, तीच साखळी, तेच ठोकळे. उलटीच उतरवायची, रिव्हर्स गिअरमध्ये, न्यूट्रलमध्ये अजिबात नाही, अंग चढाच्या बाजूला म्हणजे हँडलकडं झुकवून, ब्रेक हळूहळू दाबत. विंच असेल तर विंचनंच सैल सोडत उतरवा.