काट्याला आधी विचारा, मग बटण दाखवा

कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. यवतमाळकडच्या एका शेतमालकासाठी मी त्या हिशोबाचं अ‍ॅप केलं होतं. संध्याकाळी धुऱ्यावर टांगता ब्लूटूथ काटा लावायचा, गाठोडं अडकवायचं, वजन आपोआप मोबाईलवर. फडक्याचं वजन वजा व्हावं म्हणून 'धडा करा' हे बटण. पहिल्याच दिवशी ते दाबलं आणि काहीच झालं नाही. "भाऊ, फडक्याचेबी पैसे देऊ का मी?" मालक म्हणाले.

चूक माझी होती. कोणत्या मॉडेलला धडा जमतो याचा तक्ता मी अ‍ॅपमध्येच लिहून ठेवला होता. मिस्त्रीनं त्या काट्याचं आतलं सर्किट बदललेलं, लेबल मात्र जुनंच! तेव्हापासून इंटरफेस, म्हणजे काट्याशी बोलणारा कोडचा भाग, लिहिताना मी असा जातो.

आधी कामांची यादी करा, मॉडेलची नको. वजन वाचणं, धडा करणं, पावती छापणं. जे काम प्रत्येक काट्याला येतंच, त्याबद्दल प्रश्न ठेवू नका. उगाच पसारा वाढतो. बाकी प्रत्येक कामाला एक साधा प्रश्न जोडा: 'धडा_जमतो_का'. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या कलेक्शनमध्ये, म्हणजे तयार याद्यांमध्ये, ही सोय नाही. एका यादीत भर घालता येते, दुसरी तेच करताना एक्सेप्शन, म्हणजे चुकीचा इशारा, फेकते, आणि आधी विचारायला जागाच नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये स्ट्रीमला, म्हणजे डेटाच्या प्रवाहाला, मात्र 'कॅनसीक' हा प्रश्न विचारता येतो: डिस्कवरच्या फाइलमध्ये मागेपुढे जाता येतं, नेटवर्कवरून येणाऱ्या डेटात नाही, हे तो स्ट्रीम स्वतःच सांगतो.

उत्तर जोडलेल्या काट्याकडूनच घ्या. ईमेलचे सर्व्हर 1993 पासून हेच करतात: समोरच्यानं 'एहलो' म्हटलं की सर्व्हर आपल्याला काय काय येतं ते वाचून दाखवतो. काट्याला असा प्रश्न कळत नसेल तर निरुपद्रवी आज्ञा देऊन बघा. रिकाम्या हुकावर धडा करून पाहिला तर काही बिघडत नाही. पावती छापून बघाल तर कागद वाया जातो. आणि काटा नव्यानं जोडला की पुन्हा विचारा, कालचं उत्तर जपून ठेवू नका.

उत्तरं दोन नाहीत, तीन ठेवा: हो, नाही, अजून माहीत नाही. ब्राउझरला एखादा व्हिडिओ चालेल का विचारलं तर तो 'प्रॉबब्ली' किंवा 'मेबी' म्हणतो, नाहीतर रिकामी ओळ देतो. ठाम 'हो' कधीच नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. काटा जोडलाच नसताना 'नाही' म्हणणं म्हणजे थापच.

'हो' आलं तरी काम फसू शकतं. बॅटरी उतरते, मोबाईल लांब जातो. म्हणून 'हे जमतच नाही' आणि 'आत्ता जमलं नाही' या दोन चुका वेगळ्या ठेवा. दुसरीत 'पुन्हा करा' म्हणण्यात अर्थ आहे, पहिलीत माणूस नुसता बटण दाबत बसतो.

शेवटी स्क्रीन. बटण नुसतं करडं करून सोडू नका, कारण लिहा आणि वाट दाखवा. आता त्या अ‍ॅपवर येतं: 'या काट्यावर धडा होत नाही. फडक्याचं वजन इथे भरा.' मालकांनी फडकं हुकाला टांगलं, 300 ग्रॅम भरलं. "हे तर पयलेच सांगाचं ना गा!"