झाडाआधी पाण्याचा हिशेब: मराठवाड्यातील कुटुंबासाठी निसर्गाकडे जाण्याची एक वाट

कुटुंबाने निसर्गाच्या जवळ जावे असे कोणी म्हटले की डोळ्यांसमोर जंगल, धबधबा किंवा सुट्टीची सहल येते. लातूरसारख्या जिल्ह्यात, जिथे वनक्षेत्र एक टक्क्याच्याही आत आहे, तिथे हा विचार फार पुढे जात नाही. आमच्याकडे निसर्ग रोज घरात येतो तो नळाच्या वाटेने, आणि तो आला नाही की त्याची आठवण अधिक तीव्रतेने होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते ज्यांनी पाहिले त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पण त्यानंतर जन्मलेल्या मुलांना ती केवळ ऐकीव गोष्ट वाटते. म्हणून माझे सांगणे असे आहे की रोप आणण्याआधी, खताची बादली विकत घेण्याआधी आणि सहलीची गाडी ठरवण्याआधी घराने आपल्या पाण्याचा हिशेब मांडावा. बाकीच्या गोष्टी त्याच पाण्याच्या मागोमाग येतात.

मोरीबाहेरची वही

एक साधी वही घ्यावी, तिला पेन्सिल बांधावी आणि ती मोरीच्या बाहेर खिळ्याला टांगावी. घरातील बादली किती लिटरची आहे हे आधी लिटरच्या मापाने भरून पाहावे, कारण दुकानदार जिला वीस लिटरची म्हणतो ती बादली काठोकाठ भरूनही अनेकदा कमी भरते. त्यानंतर आठ दिवस अंघोळ, कपडे, भांडी, स्वयंपाक, फरशी आणि शौचालय यांसाठी किती बादल्या गेल्या, हे ज्याने वापरले त्यानेच लिहावे. बेरजेचे काम घरातील सर्वांत लहान शाळकरी मुलाकडे द्यावे. मुलांना पाणी वाचवण्यावर भाषण दिले तर ती ऐकून घेतात आणि नळ सुरू ठेवूनच दात घासतात. त्यांना हिशेबनीस केले तर ती मोठ्यांच्या चुका काढण्याच्या आनंदात स्वतःही सावध होतात. नळ ठिबकत असेल तर त्याखाली तासभर पातेले ठेवून साचलेले पाणी मोजावे आणि त्याला चोवीसने गुणावे. हे गणित मुलाला एकदा करू दिले की नळकारागिराला बोलावण्याचा तगादा तेच लावते.

आमच्या घरात वहीने पहिल्याच आठवड्यात जे दाखवले ते कोणाच्याही लक्षात आलेले नव्हते. पाणी शुद्ध करण्याचे आरओ यंत्र एक लिटर पिण्याचे पाणी देताना साधारण दोन ते तीन लिटर पाणी बाहेर टाकते, आणि ती बारीक नळी सरळ मोरीत सोडलेली होती.

पाण्याच्या वाटा वेगळ्या करणे

आठवड्याचा हिशेब हाती आल्यावर वापरलेले पाणी कोठे पाठवायचे ते ठरवावे. भाज्या, तांदूळ आणि डाळी धुतलेले पाणी सर्वांत चांगले; ते वेगळ्या पातेल्यात धरून कुंड्यांना घालावे. हा शोध मी लावला असे मला काही दिवस वाटत होते. मग सासूबाईंनी सांगितले की त्यांच्या माहेरी औशाजवळच्या खेड्यात अळूच्या वाफ्याला दुसरे पाणी कधी मिळतच नसे, आणि लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारले होते, “अगं, भाजीचं पाणी मोरीत ओतायलीस का?” त्या प्रश्नाचा अर्थ मला बारा वर्षांनी कळला.

अंघोळीचे पाणी झाडांना चालते, मात्र साबण मोजका असावा आणि दर दोन-तीन वेळांनंतर एकदा साधे पाणी द्यावे. कपड्यांचे पहिले, पावडरच्या फेसाचे पाणी झाडांना कदापि घालू नये. काळ्या मातीत त्यातील क्षार साचत गेले की माती घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. ते पाणी शौचालयासाठी वापरावे. कपडे खळबळलेले शेवटचे पाणी फरशी पुसण्यास आणि अंगण धुण्यास पुरते. आरओतून बाहेर पडणाऱ्या पाण्यातही क्षार अधिक असतात, म्हणून तेही रोपांना न देता भांड्यांच्या पहिल्या विसळणीला आणि फरशीला वापरावे. आम्ही त्या नळीखाली पाच लिटरचा जुना तेलाचा डबा ठेवला आहे आणि तो दिवसातून किमान दोनदा भरतो.

ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी उरलेल्या सांडपाण्यासाठी शोषखड्डा करावा. नांदेड जिल्ह्यातील गावांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केले असून तेथील पद्धत आता इतरत्रही वापरली जाते. साधारण चार फूट लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल खड्डा, मधोमध वरच्या भागात छिद्रे असलेली सिमेंटची टाकी आणि तिच्या भोवती खाली मोठे दगड व वर लहान खडी, इतकाच त्याचा संसार. टाकीत गाळ बसतो, वरचे पाणी छिद्रांतून बाहेर पडून जमिनीत मुरते. एक गोष्ट मात्र कंत्राटदार सांगत नाहीत: नुसत्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, त्यामुळे खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो, आणि काळी माती ओलाव्याने फुगत असल्याने तो घराच्या पायापासून चांगला लांब घ्यावा लागतो.

पावसाच्या पाण्याचे गणित मुलांसोबत कागदावर अवश्य करावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पाचशे चौरस फुटांचे छत म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. वर्षात ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा भाग वाया गेला असे मानले तरी २५ हजार लिटरच्या वर पाणी त्या छतावरून वाहून जाते. ग्रामीण भागात नळयोजनेसाठी माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने पाच जणांच्या घराला हे पाणी तीन महिने पुरावे. एवढे साठवण्याची सोय बहुतेकांकडे नसते हे खरे, पण १० मिलिमीटरच्या एका सरीत अशा छतावरून साडेतीनशे लिटरहून अधिक पाणी मिळते आणि २०० लिटरचे दोन पिंप तर कोणत्याही घरात मावतात. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, कारण त्यात छतावरील धूळ आणि पाखरांची विष्ठा असते. पिंपाला बारीक जाळीचे झाकण असावे, नाहीतर डासांची सोय होते. उरलेले पाणी घरच्या आडात किंवा बोअरमध्ये सोडायचे असेल तर ते वाळू, खडी आणि कोळशाच्या गाळणीतूनच न्यावे. थेट नळी सोडून देणे म्हणजे भूजल घाण करणे होय.

आता झाड

इथवर आलेल्या घराला एका झाडाला रोज किती पाणी देता येईल हे नेमके माहीत असते, आणि झाड जगण्याची शक्यता त्यावरच ठरते. आम्ही ही पायरी एकदा गाळली होती. एका जूनमध्ये पहिला पाऊस पडताच उत्साहाने सात रोपे लावली, छायाचित्रे काढली, आणि पुढच्या मार्चअखेर त्यांतील पाच वाळून काड्या झाल्या. उरलेल्या दोघांपैकी एक शेळीने खाल्ले. दोष ना रोपवाटिकेचा होता ना उन्हाचा. उन्हाळ्यात सात झाडांना पुरेल इतके पाणी आमच्याकडे कधीच नव्हते.

तेव्हा एक किंवा दोनच झाडे घ्यावीत. खड्डा मे महिन्यातच, दोन फूट लांब-रुंद-खोल, खणून उन्हात तापू द्यावा आणि नंतर वरची माती, कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड यांनी भरावा. लागवड पहिल्या पावसावर करू नये. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमिनीत वीतभर ओल गेली की करावी. काळ्या रानात रोपाच्या बुंध्याशी पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून तेथे माती थोडी उंच करून रोप लावावे. भोवती बाभळीच्या काट्या रोवाव्यात. शेळ्यांना लोखंडी जाळीपेक्षा त्या अधिक पटतात.

उन्हाळ्यासाठी मडक्याची पद्धत सर्वांत भरवशाची आहे. पाच-सहा लिटरचे नवे, कच्च्या पोताचे मडके रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि तोंडावर झाकण ठेवावे. मातीच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरते आणि जेवढी माती कोरडी तेवढेच ओढले जाते. तीन-चार दिवसांनी पुन्हा भरले तरी पुरते. जुन्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात, त्यामुळे तो तसाच पुरून उपयोग होत नाही. त्याच्या बुडाला खिळ्याने बारीक भोक पाडून सुती चिंधीची वात घालावी. बुंध्याभोवती उसाचे पाचट, वाळलेला पाला किंवा तुरीचे भुसकट पसरले की ओल टिकते.

कोणते झाड, हा प्रश्न जागेवर ठरतो. रस्त्याकडेला कडुनिंब किंवा करंज लावावा. चिंचेला तीस फूट मोकळी जागा देता येणार असेल तरच तिच्या वाटेला जावे. लहान अंगणात सीताफळ उत्तम. बालाघाटाच्या उघड्या डोंगरांवर ते कोणी न जोपासता येते, आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मुलांना धीर नसतो, म्हणून त्यांच्या नावाने शेवगा लावावा. बी टाकल्यापासून साधारण वर्षभरात शेंगा येतात आणि पाल्याची भाजी त्याहून लवकर मिळते. त्याच्या फांद्या ठिसूळ असतात. त्यावर चढू देऊ नये.

खताबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याचा बाऊ फार केला जातो. तळाला भोके पाडलेल्या दोन बादल्या घ्याव्यात, ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच किंवा दुप्पट वाळलेला पाला टाकावा, एक बादली भरली की झाकून दुसरी सुरू करावी. वास आला तर पाला कमी पडला असे समजावे. आमच्या उन्हाळ्यात उलट होते, सगळे सुकून जाते, तेव्हा पाण्याचा शिपका द्यावा. दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. खेड्यात उकिरडा आहेच, त्यातून फक्त प्लास्टिक बाहेर ठेवावे.

ताटातून शिवाराकडे

रानभाज्या ओळखणे हा मुलांना आजीजवळ बसवण्याचा चांगला मार्ग आहे. पावसाळ्याच्या आरंभी तरोट्याचा कोवळा पाला, त्यानंतर कुर्डू आणि घोळ, हिवाळ्यात ज्वारीच्या रानातील पाथरी, करडईची आणि हरभऱ्याची कोवळी भाजी, हा क्रम एका वर्षात पाठ होतो. जाणत्या माणसाने हातात घेऊन दाखवल्याशिवाय काहीही खुडू नये, तणनाशक मारलेल्या रानातून किंवा रस्त्याच्या कडेने तर मुळीच नाही. गाजरगवत उपटताना हातमोजे घालावेत. त्याने अंगाला खाज सुटते.

लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांना तर यासाठी वर्षातून एक दिवस राखूनच ठेवलेला आहे. मार्गशीर्षातील वेळा अमावास्येला, ज्याला आम्ही येळवस म्हणतो, शहरे ओस पडतात आणि शिवारे भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटे, उभारून तिच्यात पूजा होते, बाजरीचे उंडे, अनेक शेंगांच्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी व मातीच्या भांड्यातील आंबील यांचे जेवण होते. स्वतःचे शेत नसलेल्यालाही कोणा ना कोणाचे बोलावणे असते. अलीकडे या दिवशी बांधावर थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकच्या पेल्यांचा खच पडू लागला आहे आणि काही ठिकाणी मोठ्या आवाजाचे भोंगेही येतात. आपल्या गाडीतून पळसाच्या पत्रावळी, स्टीलचे पेले आणि कचऱ्यासाठी एक रिकामे पोते नेले तर निदान आपल्या बांधापुरता प्रश्न सुटतो.

जेवणानंतर मोठी माणसे कोपीत आडवी होतात; तेव्हा मुलांना दोन कामे द्यावीत. पहिले, बांधावरील प्रत्येक झाडाचे नाव आजोबांना विचारून लिहिणे आणि त्यांतील कोणते १९७२ च्या दुष्काळातही उभे होते हे विचारणे. दुसरे, एक वीतभर खड्डा बांधावरील झाडाखाली आणि एक उघड्या वावरात खणून दोन्ही ठिकाणची माती मुठीत दाबून पाहणे. आमच्या मुलीने केले तेव्हा झाडाखालच्या मातीचा लाडू झाला आणि तिच्यातून दोन गांडुळे निघाली. वावरातील ढेकूळ मुठीत फुटून बोटांतून गळाले. पाचटाचे आच्छादन कशासाठी घालायचे हे तिला त्यानंतर समजावून सांगावे लागले नाही.

वर्षातून एक-दोनदा दूर जायचे असेल तर हिवाळ्यात पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, गाठावा. जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ साली घोषित झाले असून थंडीत तेथे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात. बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ नायगावचे मयूर अभयारण्य आहे. तेथे सकाळी लवकर पोहोचले तरच मोर दिसतात, उन्हे चढल्यावर केवळ केका ऐकू येतात. बीड शहराजवळच्या पालवणच्या उघड्या डोंगरावर लोकसहभागातून देवराई उभी राहिली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्षसंमेलनही भरले होते. खडकाळ माळावर रोपे कशी जगवतात हे पाहण्यासाठी ती जागा मला अभयारण्यांपेक्षाही उपयोगी वाटते.

या साऱ्यात वही मात्र बंद करू नये. वर्षातून दोन आठवडे, एक मे महिन्यात आणि एक येळवशीच्या आसपास, तिच्यात पुन्हा बादल्या लिहाव्यात आणि शेजारच्या रकान्यात मडके कितव्या दिवशी रिकामे झाले तेही नोंदवावे. आमच्या सीताफळाचे मडके पहिल्या उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी कोरडे पडत असे. यंदाच्या मे महिन्यात ते सहाव्या दिवशीही तळाशी ओले होते, आणि दुसरे झाड कोणते आणायचे यावर आता घरात वाद सुरू आहे.