‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आल्यावर शोध कुठून सुरू करावा

ऐरोली, नेरुळ वा ठाण्यातील महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेतला जुना गणिती कोड हाती घेणारे विद्यार्थी बहुधा कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरपाशी नव्हे, तर रूपांतरित तुकडे जोडून प्रोग्राम बनवणाऱ्या लिंकरपाशी अडतात. अशा वेळी सगळी पॅकेजेस काढून पुन्हा टाकण्याची घाई करू नये. लिंकर कोणते नाव मागत आहे, ते आधी नीट वाचावे.

समजा, उबुंटू या लिनक्स प्रणालीवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू डीजीईएमएम_’ असा, म्हणजे हे नाव मागितले आहे पण सापडत नाही, असा संदेश आला. डीजीईएमएम ही मॅट्रिक्सचा गुणाकार करणारी ब्लास या गणिती लायब्ररीतली रुटीन (तयार उपप्रोग्राम) असून शेवटचा अंडरस्कोअर जीफोरट्रान या फोरट्रान कंपायलरच्या पद्धतीप्रमाणे नावाला लागतो. याचा अर्थ असा की ब्लास लिंकरला दिलेलीच नाही, किंवा दिली आहे पण चुकीच्या जागी. यातली दुसरी शक्यता फार वेळ खाते, म्हणून आधी तीच तपासावी. जीएनयू लिंकर आज्ञेची ओळ डावीकडून उजवीकडे वाचतो आणि स्टॅटिक (प्रोग्राममध्येच सामावणाऱ्या) लायब्ररीतून त्या क्षणापर्यंत मागितले गेलेलेच भाग उचलतो. त्यामुळे आधी आपल्या ऑब्जेक्ट फाइल (कंपायलरने बनवलेले तुकडे), मग लॅपॅक ही दुसरी गणिती लायब्ररी आणि लॅपॅकला ब्लास लागते म्हणून तिच्यानंतर ब्लास, असा क्रम हवा. उबुंटूमध्ये ‘ॲज नीडेड’ हा, फक्त गरजेच्या लायब्ररीच जोडणारा पर्याय मुळातच चालू असल्याने शेअर्ड (प्रोग्राम चालताना जोडल्या जाणाऱ्या) लायब्ररींच्या बाबतीतही हा क्रम पाळावा लागतो, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

क्रम बरोबर असूनही तोच संदेश आला, तर ऑब्जेक्ट फाइल आणि लायब्ररी या दोन्हींवर ‘एनएम’ ही फाइलमधल्या नावांची यादी देणारी आज्ञा चालवावी; लायब्ररी शेअर्ड असेल तर सोबत मोठ्या लिपीतला ‘-डी’ द्यावा. नावाच्या आधी ‘यू’ असेल तर ते नाव मागितलेले आहे आणि ‘टी’ असेल तर पुरवलेले आहे. दोन्हीकडची नावे अक्षर न अक्षर ताडून पाहावीत. फरक फक्त अंडरस्कोअरचा असेल, तर सीमधून रुटीन बोलावताना तो नावात लिहावा. मागितलेले नाव ‘_झेड’ने सुरू होणारे आणि लांबलचक असेल, तर ते सी++ने बदलले आहे, सी किंवा फोरट्रानच्या रुटीनची घोषणा तिथे नाव न बदलायला सांगणाऱ्या ‘एक्स्टर्न सी’मध्ये करावी लागते.

‘_जीफोरट्रान_’ने सुरू होणारी नावे सापडत नसतील, तर सीच्या जीसीसी कंपायलरऐवजी जीफोरट्रानने लिंक करावे. एमपीआयच्या (अनेक प्रोसेसवर एकत्र चालणाऱ्या) कोडसाठी एमपीआयचाच रॅपर, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी आपोआप जोडणारी कंपायलरची आज्ञा वापरावी.

लिंकरचा ‘कॅनॉट फाइंड’ हा संदेश म्हणजे लायब्ररीची फाइलच सापडत नाही. उबुंटूवर बहुधा तिचे ‘डेव्ह’ (लिंक करण्यासाठी लागणाऱ्या फाइलींचे) पॅकेज टाकायचे राहिलेले असते.

एकाच नावाची व्याख्या अनेकदा आल्याचे सांगणाऱ्या ‘मल्टिपल डेफिनिशन’चे कारण मात्र वेगळे आहे. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून ‘नो कॉमन’ हा, अशा व्याख्या एकत्र न करणारा पर्याय आपोआप लागू होतो, त्यामुळे हेडरमध्ये (अनेक फाइलींत समाविष्ट होणाऱ्या फाइलमध्ये) ‘एक्स्टर्न’शिवाय ग्लोबल व्हेरिएबल लिहिणारा जुना सी कोड तिथे अडतो. ‘-एफकॉमन’ हा उलट पर्याय दिल्याने काम भागते, पण हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ लिहून व्याख्या एकाच फाइलमध्ये ठेवणे हाच खरा उपाय आहे.

लिंक होऊनही प्रोग्राम सुरू होत नसेल, तर प्रोग्रामला लागणाऱ्या शेअर्ड लायब्ररी दाखवणारी ‘एलडीडी’ ही आज्ञा चालवून ‘नॉट फाउंड’ कुठे आहे ते पाहावे आणि कॉन्डा हा पॅकेज व्यवस्थापक वापरत असल्यास लायब्ररी त्याच्या फोल्डरमधून उचलली जात आहे की सिस्टिमच्या, हेही तिथेच तपासावे.