चुकलो हे कळल्यावरही आईबाप पुढे चुकतात: या चुका टाळा

माझा मुलगा तिसरीत होता तेव्हा मी त्याला सहा महिने आळशी म्हणत होते. फळ्यावरचं वहीत अर्धंच उतरलेलं असायचं, ३ चे ८ व्हायचे. बाईंची तक्रार ठरलेली, 'लक्षच नसतं वर्गात.' घरी टीव्हीच्या इतक्या पुढ्यात जाऊन बसायचा की मागच्यांना फक्त त्याचं डोकं दिसायचं. 'मागे हो, डोळे खराब होतील,' हे मी रोज ओरडायचे. सहामाहीचे मार्क आले आणि मी त्याचं संध्याकाळचं मैदान बंद केलं.

मग शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले आणि घरी चिठ्ठी आली. दोन्ही डोळ्यांना उणे सव्वादोन नंबर. नेत्रतज्ज्ञांनी मला त्याचा हिशेब समजावला. एकाला सव्वादोनने भागायचं, म्हणजे ०.४४ मीटर. चष्म्याशिवाय या मुलाला ४४ सेंटिमीटरच्या पलीकडचं सगळं पुसट दिसणार. शाळेतली फूटपट्टी दीड वेळा ठेवा, तिथे त्याचं स्पष्ट जग संपत होतं. फळा त्याहून कितीतरी लांब.

चष्मा घालून परत येताना त्याने समोरून येणाऱ्या एसटीची पाटी वाचली आणि मला विचारलं, "तुम्ही सगळे एवढ्या लांबून वाचता?" आपल्याला कमी दिसतं हे मुलाला कसं कळणार? त्याने दुसऱ्याच्या डोळ्यांनी कधी पाहिलेलंच नसतं.

कारण आणि परिणाम उलटे लावणे

टीव्हीजवळ बसल्यामुळे त्याला दिसेनासं झालं नव्हतं. दिसत नव्हतं म्हणून तो जवळ बसत होता. पण एकदा मी 'आळशी' हा शब्द पक्का केल्यावर प्रत्येक गोष्ट त्याचाच पुरावा ठरली. अर्धी वही हा पुरावा, बाईंची तक्रार हा पुरावा, डोकं दुखतं म्हणाला तर तो बहाणा. चुकीच्या समजुतीची हीच अडचण असते, आतून ती अगदी बरोबर वाटते.

म्हणून आळस, हट्ट, खोटेपणा ही निदानं यादीत सगळ्यात शेवटी ठेवा. मूल डोळे बारीक करून बघतं, मान तिरकी करतं, फळ्यावरचं चुकीचं उतरवतं, तर आधी डोळे तपासा. तक्रार नसली तरी शाळेत घालण्यापूर्वी एकदा तपासून घ्या. हाक मारून ओ देत नाही, तर ओरडण्याआधी कान. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. ते बऱ्याचदा दुखतही नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पाच वर्षांच्या शंभर मुलांतली पंधराएक रात्री अंथरूण ओलं करतात. त्यात मुलाची काही चूक नसते आणि लाज वाटवून ते थांबत नाही. अक्षरं उलटी पडतात, वाचताना ओळ सुटते आणि दुसरी-तिसरीनंतरही ते कमी होत नाही, तर शिकवणी बदलण्यापूर्वी अध्ययन अक्षमतेची, म्हणजे हुशार मुलालाही वाचण्या-लिहिण्यात अडचण येते त्या दोषाची, तपासणी करा. मुंबईत सायनच्या महापालिका रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

आणि मैदान. उघड्यावरच्या उजेडात रोज खेळणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा दोष कमी प्रमाणात जडतो, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट झालंय. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना दिवसाला १२० मिनिटं बाहेर काढायचा कार्यक्रमच घेतला. एकदा लागलेला नंबर मैदानामुळे उतरत नाही, तेवढी आशा धरू नका. पण मी शिक्षा म्हणून नेमकं काय हिरावून घेतलं होतं, हे कळलं तेव्हा दवाखान्यातल्या खुर्चीत मला मान वर करवेना.

माफीला 'पण' जोडणे

इथून पुढच्या चुका मी जास्त केल्या. पहिली माफी अशी होती: "चुकलंच माझं, पण तूही सांगायला हवं होतंस ना." नऊ वर्षांच्या मुलाने काय सांगायला हवं होतं? 'पण' आला की माफी संपते आणि खटला सुरू होतो. काय चुकलं ते नाव घेऊन सांगा आणि थांबा. "तुला दिसत नव्हतं आणि मी तुला आळशी म्हटलं. ते खोटं होतं." एवढ्याने भागतं.

दुसरी चूक बाजारातून आणली. बोलायला जड गेलं म्हणून रिमोटची गाडी घेऊन आले. तो खूश झाला, पण गाडी कशाबद्दल मिळाली ते त्याला कळलंच नाही. तिसरी चूक बायका जास्त करतात असं माझं मत आहे (नवरा म्हणतो, तोही करतो, फक्त मोठ्याने नाही): माफी मागताना इतकं रडायचं की मुलालाच आपली समजूत काढावी लागते. मग त्याचं दुःख बाजूला राहतं आणि ते पोर आपल्यालाच पाणी आणून देतं.

आरोप चारचौघांत, माफी स्वयंपाकघरात

याचा धडा मुलीने दिला. ती सातवीत असताना कपाटातून पाचशेची नोट गेली. घरात सासूबाई होत्या आणि न्यू जर्सीहून वन्सं आल्या होत्या. त्या सगळ्यांच्या देखत मी तिला विचारलं, "तू घेतलीस का? खरं सांग." ती नाही म्हणाली. मी म्हटलं, "डोळ्यात बघून सांग." तिने बघितलं नाही, तोच मला पुरावा वाटला. ज्याच्यावर संशय घेतात तोही नजर चुकवतो, हे तेव्हा सुचलं नाही.

चार दिवसांनी नोट गॅसच्या पुस्तकात सापडली. मीच ठेवली होती, सिलिंडर येणार म्हणून. मुलगी भांडी पुसत होती तिथे जाऊन मी हळूच सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "विचारलंस सगळ्यांसमोर. आता सांग पण सगळ्यांसमोर." तोवर वन्सं परत गेल्या होत्या. रात्री व्हिडिओ कॉल लावून, सासूबाईंना शेजारी बसवून सांगितलं. सासूबाईंना ते रुचलं नाही, लेकराची कसली माफी मागायची, म्हणाल्या. मला मात्र तेव्हापासून हाच नियम पटलाय: जेवढ्या लोकांत बोललात, तेवढ्या लोकांत मागे घ्या.

'आमच्या वेळी असंच होतं' किंवा 'डॉक्टर म्हणाले होते' यावर अडून बसणे

त्या कॉलवर वन्संनी त्यांची गोष्ट सांगितली. त्यांचा मुलगा २००३ चा. घरात ॲलर्जी होती, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा द्यायचा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २००० सालचा सल्लाच तसा होता. आपल्याकडे भाजीत कूट, खिचडीत कूट, आणि यांच्या घरात दाणा बंद. सासूबाई फोनवर हसायच्या.

संघटनेने २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला. पुढे २०१५ मध्ये लंडनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. ॲलर्जीचा धोका असलेली ६४० बाळं घेतली, निम्म्यांना लवकर शेंगदाणा सुरू केला, निम्म्यांना टाळायला लावला. ज्यांना दिला त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी जवळजवळ ८० टक्क्यांनी कमी निघाली. सल्ला पार उलटा झाला. (कूट किंवा पातळ करूनच द्या. अख्खा दाणा लहान मुलाच्या घशात अडकतो. आणि बाळाला आधीच जोराचा इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.)

सासूबाई म्हणाल्या, "बघ, मी बरोबर होते." दाण्याच्या बाबतीत होत्या. त्याच सासूबाई दीड महिन्याच्या नातीला मध चाटवायला निघाल्या होत्या, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून बॉट्युलिझमची विषबाधा होऊ शकते. एका बाबतीत बरोबर ठरलो की सगळ्याच बाबतीत ठरू, ही चूक घराघरात होते. तज्ज्ञांना मी निदान एवढं श्रेय देते, त्यांनी छापून मागे घेतलं. आमच्या घरात अजून कोणी छापून घेतलेलं नाही.

चूक सुधारताना पुन्हा मालकी गाजवणे

मुलाचं मैदान मी परत सुरू केलं, पण अटींसह: चष्मा सांभाळायचा, सातला घरी, आधी गृहपाठ. नवऱ्याने विचारलं, शिक्षा चुकीची होती तर सुटकेला अटी कसल्या? उत्तर नव्हतं. अटी काढल्या. चष्म्याला फक्त मागून इलॅस्टिकचा पट्टा लावला आणि काचा पॉलिकार्बोनेटच्या घेतल्या, त्या सहसा फुटत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात चेंडू लागला. काच टिकली, काडी तुटली. 'तरी मी सांगत होते' हे ओठांवर आलंच होतं, पण आधी दुकानाची पावती शोधायला हवी होती. पावती ठेवलेल्या जागेवर नव्हती. मी दोघांनाही विचारलं, कोणी हलवली. मुलगी काही बोलली नाही, फक्त उठून गॅसचं पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवलं.