खचदरीतील प्राचीन लाव्हाचे वय आणि रसायन कसे तपासावे

उत्तर अमेरिकेत लेक सुपिरिअरच्या काठांवर, सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी उघडू लागलेल्या आणि महासागर होण्याआधीच थांबलेल्या खचदरीचे (भूकवच ताणून फाटल्याने बनलेल्या दरीचे) लाव्हाथर आजही पाहता येतात. अशा खडकांचे खरे काम प्रयोगशाळेत नव्हे, तर नमुना निवडताना सुरू होते. या लाव्हापासून बनलेल्या काळ्या खडकातून, म्हणजे बेसॉल्टमधून, नंतर गरम पाणी फिरले आणि याच सरोवरातल्या केविनॉ द्वीपकल्पातील तांबे त्यानेच थरांच्या सच्छिद्र माथ्यांत साठवले. म्हणून रासायनिक विश्लेषणासाठी नमुना थराच्या घट्ट गाभ्यातूनच घ्यावा, त्याचे थरक्रमातील स्थान नोंदवावे आणि पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच तो पुढे पाठवावा. दख्खनच्या बेसॉल्टमधील झिओलाइटने (पाण्यातून नंतर साचलेल्या खनिजाने) भरलेल्या पोकळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या सावधगिरीचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही.

वयासाठी पोटॅशियमच्या क्षयातून साचलेला आर्गॉन मोजणाऱ्या पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीवर विसंबू नये, कारण खडक पुन्हा तापला किंवा बदलला की आर्गॉन निसटतो. त्याऐवजी झिरकॉन या खनिजात युरेनियमच्या क्षयातून बनलेले शिसे मोजावे. झिरकॉनचा स्फटिक घडताना युरेनियम सामावून घेतो, शिसे मात्र जवळजवळ घेतच नाही; त्यामुळे त्यात आढळणारे शिसे बहुतांशी किरणोत्सारी क्षयातूनच आलेले असते. झिरकॉन बेसॉल्टमध्ये क्वचित मिळतो, म्हणून थरांमधला रायोलाइट (सिलिका जास्त असलेला ज्वालामुखी खडक) किंवा जाड प्रवाहातील भरड कणांचा भाग शोधावा. खडक दळून जड द्रव आणि चुंबकीय विभाजकाने स्फटिक वेगळे करावेत, ते सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापवावेत आणि मग हायड्रोफ्लोरिक आम्लाने त्यांचे किरणोत्साराने खराब झालेले भाग काढून टाकावेत. हे आम्ल अत्यंत घातक असल्याने हे काम प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे. युरेनियम-२३८ आणि युरेनियम-२३५ यांच्यावरून मिळणारी दोन वये जुळली, तरच निष्कर्ष स्वीकारावा. जुन्या कवचातून आलेला एखादा स्फटिक मात्र ही परीक्षाही उत्तीर्ण होऊन कितीतरी अधिक वय दाखवू शकतो, त्यामुळे एका स्फटिकावर कधीही थांबू नये.

रसायनासाठी मुख्य ऑक्साइड (खडकाचा बहुतांश भाग बनवणारी संयुगे) क्ष-किरण प्रतिदीप्तीने, तर लेशमूलद्रव्ये (अत्यल्प प्रमाणातील मूलद्रव्ये) प्लाझ्मा वस्तुमान वर्णपटमापकाने मोजावीत. टंगस्टन कार्बाइडची चक्की वापरल्यास टंगस्टन आणि कोबाल्ट भुकटीत मिसळतात. अकीकाची चक्की बरी. सोडियम, पोटॅशियम आणि रुबिडियम पाण्याबरोबर हलतात, त्यामुळे खडकाचे वर्गीकरण त्यांवरून न करता टायटॅनियम, झिर्कोनियम, निओबियम आणि यिट्रियम यांवरून करावे.

निओडिमियमची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू) मोजणे शेवटी ठेवावे, कारण समेरियम-१४७ च्या क्षयातून निओडिमियम-१४३ वाढतच राहते. निओडिमियम-१४३ चे मोजलेले गुणोत्तर झिरकॉनने दिलेल्या वयापर्यंत मागे नेल्यावरच ते त्या काळच्या सरासरी पृथ्वीपेक्षा कमी आहे की जास्त हे कळते. ते बरेच कमी असेल, तर लाव्हामध्ये जुने खंडीय कवच मिसळले असण्याची शक्यता प्रथम तपासावी.