तळपायांची आग होतेय? काशाची वाटी घासण्याआधी हे बघा

माझी आई सोलापूरला असते. तिथे एप्रिल-मे महिन्यात तळपायांची आग होते म्हटलं, तर कुणाला त्याचं काही वाटत नाही. उन्हाळाच तसला. आई रात्री बारा-एकला उठून पाय ओले करून यायची आणि गार फरशीवर टेकवून बसायची. आम्ही धने-जिऱ्याचं पाणी दिलं, गुलकंद दिला, रोज काशाच्या वाटीने तळवे घासले. दिवाळी झाली, रजई काढायची थंडी पडली, तरी तिचे पाय रजईबाहेरच. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की ही हवेची उष्णता नाही. रक्त तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.९ आणि बी१२ फक्त १४६. आम्ही घालवलेले ते आठ महिने तुमच्या घरात कुणाचे जाऊ नयेत, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी आठवडाभर नीट टिपून ठेवा

डॉक्टरांकडे जाऊन नुसतं "पायाची आग होते" म्हटलं की त्यांच्या हाती काही लागत नाही. एका पायाला की दोन्ही? बोटांपासून सुरू होते की कंबरेतून खाली उतरते? रात्री वाढते का? आग आहे, मुंग्या आहेत, सुया टोचतात, की गादीवर चालल्यासारखं वाटतं? चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, असं होतं का? हे शेवटचं तर आवर्जून सांगा, कारण लोक त्याला वेंधळेपणा समजतात.

दोन्ही पायांना, बोटांपासून सुरू होऊन मोजा घातल्यासारखं वर सरकणारं आणि रात्री वाढणारं दुखणं बहुतेक वेळा नसांचं असतं. कंबरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारी नस जवळजवळ मीटरभर लांब, शरीरातली सगळ्यात लांब. म्हणून साखर वाढली किंवा बी१२ कमी पडलं की पहिला फटका पायाला बसतो. थायरॉइड कमी असणं, किडनीचा आजार आणि वर्षानुवर्षांची दारू हीसुद्धा त्यामागची नेहमीची कारणं.

एकाच पायात, कंबरेतून किंवा कुल्ल्यातून कळ खाली येत असेल आणि खोकल्यावर वाढत असेल, तर मणक्यात नस दबलेली असू शकते. बोटांच्या बेचक्यात पांढरी, सोललेली कातडी आणि खाज असेल तर त्या चिखल्या. त्याला बुरशीचं मलम लागतं. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, असं असेल तर रक्तपुरवठा तपासून घ्या. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर न लाजता सरकारी दवाखाना गाठा. कुष्ठरोगाचं औषध तिथे मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर आजार पूर्ण बरा होतो. मांडी घालून बसल्यावर येणाऱ्या आणि दोन मिनिटांत जाणाऱ्या मुंग्यांचं मात्र काही मनावर घेऊ नका.

२. घरच्या घरी स्पर्श तपासा

याला काहीही सामान लागत नाही. ज्याला त्रास आहे त्याला झोपवा, डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं आणि करंगळ्या, अशा सहा जागी आपल्या बोटाचं टोक अगदी हलकं, एक-दोन सेकंद टेकवा. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. स्पर्श कळला की "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर पायाची संवेदना कमी झाली आहे असं धरून लवकर दाखवा.

मी आईची अशी तपासणी केली तेव्हा ती भराभर सांगत होती. उजव्या करंगळीला बोट लावलं आणि ती गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, "लाव की गं." माझं बोट तिथेच होतं. डाव्या करंगळीलाही तेच झालं.

३. तपासण्या कोणत्या, आणि कशाच्या आधी

उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर, एचबीए१सी, बी१२, थायरॉइडसाठी टीएसएच, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि साधा रक्ताचा रिपोर्ट. एवढ्यातून बरंचसं चित्र स्पष्ट होतं. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, नाहीतर एचबीए१सी ६.५ किंवा त्याहून जास्त असेल तर तो मधुमेह. बी१२ साधारण २०० च्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० च्या मधलं असेल आणि त्रास होत असेल, तर तेही डॉक्टरांशी बोला.

एक चूक घरोघरी होते. मेडिकलमधून "नसांच्या गोळ्या" आणून महिनाभर खायच्या आणि मग रक्त द्यायचं. तोवर बी१२ चा आकडा वर गेलेला असतो आणि मूळ कारण झाकलं जातं. रक्त आधी, गोळी नंतर. शिवाय या गोळ्यांमध्ये बी६ असतं, आणि ते जास्त प्रमाणात महिनोन्महिने पोटात गेलं तर त्यानेच पायाला मुंग्या येतात.

चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं बरोबर न्या. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने आणि वर्षानुवर्षे घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनी बी१२ कमी होऊ शकतं. क्षयरोगाच्या आयसोनियाझिडने आणि कॅन्सरच्या काही औषधांनी नसांवर परिणाम होतो. पण यातलं एकही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका, क्षयाचं तर मुळीच नाही. पक्क्या शाकाहारी माणसाने हेही लक्षात घ्यावं की पालेभाज्या आणि मोड आलेल्या कडधान्यांत बी१२ नसतं. दूध-दह्यात थोडं असतं, पण एकदा मोठी कमतरता झाली की ती ताकाने भरून निघत नाही.

४. रात्र कशी काढायची

पाय दहा मिनिटं साध्या गार पाण्यात ठेवा, कोरडे पुसा, तळव्याला मलई किंवा खोबरेल लावा, बेचक्यात मात्र नको. बर्फ नको आणि गरम पाण्याची पिशवीही नको, कारण बधिर पायाला चटका बसलेला कळत नाही. पांघरुणाचा स्पर्श सहन होत नसेल तर पायाशी एखादा पुठ्ठ्याचा खोका ठेवून त्यावर पांघरूण टाका. आईला याचा फार उपयोग झाला.

नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांनी ही आग सहसा शमत नाही, आणि रोज घेतल्या तर किडनीला त्रास. यासाठी डॉक्टर प्रिगाबालिन, गॅबापेन्टिन, ड्युलोक्सेटिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन यांपैकी काही देतात. गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला झोप आणि गरगर होऊ शकते, म्हणून म्हाताऱ्या माणसांनी रात्री उठताना सावकाश उठावं.

आता काशाची वाटी. तिने बरं वाटतं, हे खरं आहे, आणि आईच्या पायाशी बसून घालवलेला तो अर्धा तास मला वाया गेला असं वाटत नाही. पण तळव्यावर येणारं काळं म्हणजे बाहेर पडलेली उष्णता नव्हे. ते तूप आणि धातू एकमेकांवर घासल्याने येतं. निरोगी पायावर घासलं तरी येतं. साखर आहे की नाही, हे वाटी सांगत नाही. आणि पायाला भेग, फोड किंवा जखम असेल तर वाटी नकोच.

५. आग आपोआप थांबली तर

उपचार न करता आग थांबली म्हणजे बरं झालं, असं धरून चालू नका. कधी कधी नस पार बधिर झालेली असते. आमच्या आत्याचं तसंच झालं. "आता काही त्रास नाही" म्हणाली, आणि एका संध्याकाळी फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. चपलेत अडकलेला खडा दिवसभर टोचत होता आणि तिला पत्ताच नव्हता.

म्हणून रोज रात्री दिवा लावून तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवा. घरातही अनवाणी नको. देवळाच्या तापलेल्या आवारात जाडसर मोजे घाला. कुरूप ब्लेडने कापू नका. नवी चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.

६. रात्र न घालवता दवाखान्यात जायचं केव्हा

मुंग्या आणि अशक्तपणा काही तासांत किंवा दिवसांत पायांकडून वर चढत असेल, तर लगेच. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर हल्ला करते) अनेक रुग्ण निघाले, तो आजार असाच सुरू होतो. लघवी-शौचावरचा ताबा गेला, एका बाजूचा हात-पाय एकाएकी बधिर झाला किंवा तोंड वाकडं झालं, पायाची जखम काळी पडली किंवा ताप आला, तरी तसंच.

एवढं करून गुण लगेच येईल असं नाही. दुखावलेली नस पुन्हा वाढली तरी दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. बी१२ ची इंजेक्शनं आणि साखरेची औषधं सुरू होऊन आईला आता सात महिने झाले. ती रात्री सलग झोपते, पाय रजईच्या आत असतात. दर रविवारी मी तिची बोटं तपासते. डाव्या करंगळीला आता कळतं. उजव्या करंगळीला अजून कळत नाही.