प्लॅन काढायच्या आधी जागेवर जाऊन बसा

निसर्गाला धरून घर बांधायचंय म्हटलं की लोक लगेच भिंतीवर वेली आणि गच्चीत कुंड्या असा विचार सुरू करतात, पण ते सगळं खूप नंतरचं. आधी प्लॉटवर जा, सकाळी, भर दुपारी आणि उन्हं कलल्यावर, आणि जमलं तर एकदा धो धो पावसात पण जाच, पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठून निघून जातं तिथे खुंट्या ठोकून ठेवा. पाण्याची वाट अडवलीत तर ते पुढे कायम तुमच्या जोत्यात मुरणार.

उताराची जागा सरसकट सपाट करू नका, घरच टप्प्याटप्प्याने उतरू द्या, एक खोली दुसरीपेक्षा दोन-तीन पायऱ्या खाली. खोदाई करताना वरची सहा इंच माती वेगळी ढीग करून ठेवायला सांगा, जीव असतो तो तिच्यातच, नुसत्या मुरमात नंतर काही धड उगवत नाही. मध्ये खडक आला तर? अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने 1935 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या धबधब्यावर फॉलिंगवॉटर हे घर डिझाईन केलं, तिथला खडक शेकोटीपुढे फरशीतून वर आलेला तसाच ठेवलाय, भोवतीची फरशी चकचकीत आणि खडक कोरडा, त्यामुळे ओढ्यातून दगड डोकं काढून बसल्यासारखा दिसतो. मला त्या घरातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

आता ऊन. दक्षिणेच्या भिंतीवर समोरून येणारा सूर्य 45 अंशांवर असेल तर 2 फुटांचा छज्जा भिंतीवर 2 फूट सावली पाडतो, तोच 70 अंशांवर चढला की साधारण साडेपाच फूट, म्हणजे एकच छज्जा उन्हाळ्याचं ऊन अडवतो आणि थंडीचं आत सोडतो. पश्चिमेला मात्र छज्जा कामाचा नाही, तिथे ऊन आडवं येतं, त्या बाजूला झाड लावा, उभ्या पट्ट्या लावा नाहीतर जिना-बाथरूम टाका. वाऱ्यासाठी समोरासमोर खिडक्या आणि छताजवळ झरोका, गरम हवा वर चढते तिला बाहेर पडायला वाट हवीच.

विटांचं काम असेल तर केरळात काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी भरपूर वापरलेला रॅट-ट्रॅप बाँड (विटा रचायची एक पद्धत) गवंड्याला नक्की विचारा, विटा कडेवर उभ्या लावतात, मध्ये पोकळी राहते, साधारण 25 टक्के विटा वाचतात आणि भिंत कमी तापते.

आणि झाडं! नुसतं 'तोडू नका' सांगून भागत नाही. मुळं बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात, त्यांच्यावर खडीचा ढीग टाकला, ट्रक फिरले की माती दबते, मुळांना हवा मिळत नाही आणि दोन-तीन वर्षांनी झाड वाळतं, तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही की हे बांधकामामुळे झालं. म्हणून पहिली कुदळ पडायच्या आधीच झाडाचा घेर जिथवर आहे तिथवर बांबूचं कुंपण घाला आणि काम संपेपर्यंत आत सिमेंटची एक गोणीसुद्धा ठेवू देऊ नका.